घरच्या आणि बाहेरच्या

लाँड्रीवाल्याने कोट काउंटरवर ठेवला, मी पैसे दिले आणि निघताना सवयीने पुटपुटत चाचपून घेतलं: किल्ली, चष्मा, पाकीट, आणि डोकं. शेवटच्या शब्दाला स्वतःच्या टाळूवर एक टपली. हे मी कुठूनही निघताना करते, करते आहे हे आताशा मला कळतही नाही. लाँड्रीवाला हसला. वयस्क माणूस, इस्त्रीच्या वाफेने चेहरा कायम ओलसर. म्हणाला, "त्या बाईसुद्धा अगदी असंच म्हणायच्या. आणि डोकं. बऱ्याच वर्षांत दिसल्या नाहीत. पत्ता तर हाच." त्याने पावतीवरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. "तुम्ही बहीण का त्यांची?" मी नाही म्हटलं. तो पुढचं ऐकायला थांबला होता, भला माणूस, पण बहीण नाही तर कोण, हे काही मला सांगता येईना. कोट उचलला आणि बाहेर आले. फुटपाथवर उभी राहिले तर बसथांबा कुठल्या बाजूला तेच आठवेना. इतक्या क्षुल्लक गोष्टीला, म्हणजे हद्द झाली.

कोट मुलीचा होता. मुलगी म्हणजे माझ्या नवऱ्याची मुलगी. नवरा आता नाही, आणि तिची आई तर मी त्या घरात पाऊल टाकण्याच्या आधीच गेलेली. म्हणजे मधला माणूस गेला आणि आम्ही दोघी दोन टोकांना उरलो. आज संध्याकाळी तिची मावशी येणार होती आणि उद्या सकाळच्या गाडीने तिला घेऊन जाणार होती, कायमची. मावशीच्या गावाला थंडी फार, म्हणून कोट. कुणी कुणाला ओढून नेत नव्हतं, सगळं कसं शहाण्यासारखं ठरलं होतं. मावशी फोनवर म्हणाली होती, "तू अजून तरुण आहेस गं, तुझं आयुष्य पडलंय पुढे, परक्याची पोर किती दिवस सांभाळशील, म्हणजे परकी नव्हे, पण कळतंय ना तुला." मला कळत होतं. मी म्हटलं, तिची इच्छा. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, तुझी इच्छा. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, बरं म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. मला काय वाटतं म्हणे. मला काय वाटतं ते सांगायचं तर आधी तोंड उघडावं लागेल, आणि तेच तर नेमकं मला जमत नाही.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. कोट मांडीवर, त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज. ते "आणि डोकं" मी मुलीकडून उचललं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मी बघायची, शाळेला निघताना ती दारात उभी राहून एकेका खिशावर हात मारायची, पुटपुटायची, शेवटी स्वतःच्या डोक्यावर टपली. मला वाटलं, पोरकट खेळ आहे. परक्या घरात आलेलं माणूस काहीतरी धरायला शोधत असतं, तसं मी ते धरलं. तिच्याशी गट्टी जमावी म्हणून एक दिवस तिच्यासमोर मीही चाचपलं, डोक्यावर टपली मारली आणि तिच्याकडे पाहून हसले. ती हसली नाही. बूट घातले आणि निघून गेली. मी मनात म्हटलं, वयच तसं आहे, तुसडं. आणि मग रोज करत राहिले, सवय कधी जडली ते कळलंच नाही. म्हणजे इतकी वर्षं मी रोज सकाळी त्या मुलीच्या समोर उभी राहून तिच्या मेलेल्या आईचे शब्द तिच्या मेलेल्या आईच्या सुरात म्हणत होते. पहिली (मनातल्या मनात मी तिला पहिलीच म्हणते, आणखी काय म्हणणार) तिला मी कधी पाहिलेलं नाही. फोटोत पाहिलं तेवढंच. आणि ती माझ्या तोंडात येऊन बसली आहे. आणखी काय काय आहे माझ्यात तिचं? टॉवेलची घडी मी पूर्वी उभी घालायची, आता आडवी घालते. दार लावताना कडी दोनदा ओढून पाहते. नळ बंद केल्यावर वर हात ठेवून क्षणभर थांबते. यातलं माझं कुठलं? बसमधल्या समोरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक मी पुटपुटत होते.

माझं काम लिव्हरचं आहे. माणसांच्या नाही, उंदरांच्या. आतड्यांतून निघालेलं रक्त शरीरभर फिरायच्या आधी लिव्हरमधून गाळून जातं, आणि त्यात काय नसतं. अन्नाचे बारीक कण, जंतूंचे तुकडे, अधूनमधून अख्खे जिवंत जंतूही. लिव्हरच्या बारीक रक्तवाटांच्या भिंतींना चिकटून काही पेशी बसलेल्या असतात, त्या हे सगळं पकडतात आणि गिळतात. गवगवा न करता. जन्माच्याही आधी त्या तिथे येऊन राहिलेल्या असतात आणि तिथल्या तिथेच आपली संख्या राखतात. आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे "घरच्या" म्हणतात. उगाच बोभाटा करायचा नाही ही त्यांची खासियत. रोजच्या प्रत्येक कणावर आरडाओरडा केला तर लिव्हर चार दिवस टिकायचं नाही. पण खरा संसर्ग झाला, जंतू लोंढ्याने आले, की गोष्ट बदलते. घरच्या पेशी जंतूंना पकडतात आणि त्यातल्या बऱ्याच त्या धुमाळीत फुटून मरतात, आणि त्यांचं मरणं हीच हाक असते. रक्तातून दुसऱ्या पेशी धावत येतात, हाडांच्या मज्जेत जन्मलेल्या, लिव्हर कधी न पाहिलेल्या. त्या "बाहेरच्या". आमचा सगळा वाद असा होता की संसर्ग ओसरल्यावर तिथे जे उरतात ते कोण? घरच्या की बाहेरच्या? दिसायला कालांतराने सारख्याच. म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती: संसर्गाच्या आधी उंदराच्या शेपटीतून रक्तात बारीक काळी शाई सोडायची. घरच्या पेशी ती गिळतात आणि त्यांच्या पोटात काळे ठिपके राहतात. मग संसर्ग द्यायचा, तो ओसरू द्यायचा, आणि बघायचं, ठिपके कुणाच्या पोटात आहेत. ठिपके होते. भरपूर होते. आम्ही लिहिलं, बहुतांश घरच्या तगल्या. मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, खूश होत्या. लेख आज पाठवायचा होता.

बस सिग्नलला उभी होती आणि मला घाम फुटला. ठिपका पोटात आहे म्हणजे तो आपणच गिळला होता, असं कुणी सांगितलं आम्हाला? मेलेल्या पेशीचं काय होतं? तिला कुणीतरी खातं. आणि तिच्या पोटातली शाई काही पचत नाही. बाहेरून आलेली पेशी, बिचारी, आल्या आल्या पहिलं काम काय करत असेल तर पडलेली मढी साफ करण्याचं, आणि ती साफ करता करता मेलेलीची शाई तिच्या पोटात जाते. मग आम्ही मायक्रोस्कोपमधून बघतो आणि म्हणतो, ही बघा, घरची. लाँड्रीवाल्याने नाही का मला बहीण म्हटलं. मी एक थांबा आधीच उतरले आणि पळत सुटले, कोट छातीशी धरून, वय काय आपलं, शोभतं का, लोक बघत होते.

प्रयोगशाळेत लिव्हरचे पातळ काप चिकटवलेल्या जुन्या काचा पेटीत होत्याच. एक खूण अशी आहे की ती फक्त मुरलेल्या घरच्या पेशींच्या अंगावर असते. नव्या आलेलीच्या अंगावर ती उमटायला बराच काळ जावा लागतो. ती खूण लाल चमकवणारा रंग फ्रीजमध्ये होता, दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी मागवलेला. मी तो काचांवर सोडला. शेजारी निरोगी उंदराची काच ठेवली, नाहीतर रंगच नीट चढला नाही असं म्हणून स्वतःला फसवता येतं, आणि स्वतःला फसवण्यात माझा हातखंडा आहे. मग नुसतं थांबायचं. रंग मुरेपर्यंत माणसाला काही करता येत नाही. मी खुर्चीत बसले, उठले, हात धुतले, परत बसले. कोट खुंटीवर अडकवला होता, त्याच्याकडे बघवेना. रिकाम्या बाह्या, बाकी काही नाही, तरी बघवेना.

अशीच मी दवाखान्याच्या बाकावर उठबस करत होते, नवऱ्याच्या वेळी. साधा जंतू होता. डॉक्टर म्हणाले, जंतूने फार नुकसान केलेलं नाही, पण शरीराने जरा जास्तच मनावर घेतलं. जंतू केव्हाच मेला होता आणि आतला गदारोळ थांबायला तयार नव्हता, एकेक अवयव त्यात बंद पडत गेला. जास्तच मनावर घेतलं. हे वाक्य मी तेव्हापासून बाळगून आहे. काहीही म्हणून मनावर घ्यायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं. मुलगी जेवता जेवता ताटावरून उठली, मी काही बोलले नाही. तिने बापाचं कपाट कुलूप लावून बंद केलं, किल्ली स्वतःकडे ठेवली, मी म्हटलं, तुझी इच्छा. तिला ताप चढला की मी रात्र तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसून काढायची आणि सकाळी ती बाहेर यायच्या आत उठून ओट्याशी जायची, जणू काही झालंच नाही. मला वाटायचं, हा समजूतदारपणा. आपण बाहेरच्या, आपण आवाज करायचा नाही, येईल ते गिळायचं. ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. अगं म्हणते. मराठीत ही एक सोय आहे बघा, अगंवर आयुष्य निघतं. मला ते अगं इतकं हवंसं झालं होतं की न्हाणीघरात असले तरी ऐकू यायचं. उद्यापासून ते अगं ऐकू येणार नव्हतं, आणि मी इथे बसून उंदरांच्या पेशींतल्या आपल्या-परक्या ठरवत होते.

अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी निरोगी काच: काळे ठिपके, त्यांच्याभोवती लाल कडा. ठिपका तिथे लाल, बरोबर. मग संसर्गाची काच. ठिपके होते, हवे तितके. लाल जवळजवळ नव्हतंच. इथे एक, तिथे कोपऱ्यात एक, बाकी सगळ्या पेशी पोटात शाई घेऊन नुसत्या काळोखात बसलेल्या. घरच्या मेल्या होत्या. त्यांच्या जागी, त्यांच्याच भिंतींना चिकटून, त्यांची शाई पोटात घेऊन या नव्याच कुणीतरी बसल्या होत्या. मला रडू यायला लागलं, मायक्रोस्कोपसमोर बसून, कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं. मी कुणासाठी रडत होते ते मला माहीत होतं. पहिलीसाठी. तिच्यासाठी मी याआधी कधी रडले नव्हते, आणि रडले असते तर ते नाटकी दिसलं असतं.

मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, काच सरकवली, परत पाहिलं, निरोगी काच मागितली. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "एवढी माणसं राबलो आपण, आणि कुणाच्याच डोक्यात आलं नाही?"

"नाही आलं."

"तुझ्या कसं आलं?"

"लाँड्रीत," मी म्हटलं. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे.

"म्हणजे या सगळ्या बाहेरच्या. पण काम तर करतायत की गं. मागच्या खेपेला अशाच उंदरांना परत जंतू दिले, या पेशींनी चटकन पकडले. घरच्यांपेक्षा काकणभर सरसच म्हण."

"करतायत. पण आपण त्यांना घरच्या म्हणून लिहिलंय. ते जाऊ द्यायचं नाही."

"आज जाणार होता तो लेख."

"नाही जाणार," मी म्हटलं. जरा जोरात निघालं ते. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याशी बोललं होतं. "तू एवढी तोंड वर करून बोललीस त्याअर्थी खरंच असणार," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकून मायक्रोस्कोपमध्ये बघायला लागल्या. मी खुंटीवरचा कोट काढून घेतला आणि निघाले. दारात हात सवयीने खिशाकडे गेला आणि मी तो तसाच खाली सोडला.

घरी चालत गेले. बसमध्ये बसवलं नसतं. वाटेत दोनदा वाट चुकले, स्वतःच्या घराची, इतक्या वर्षांची. डोक्यात एकच घोळत होतं: कुणाचं काय गिळलं हा प्रश्नच वेगळा, मला ती हवी आहे की नको? हवी आहे. मग ते तिला कधी सांगितलं? नाही. का नाही? कारण ती नको म्हणाली असती तर. आणि न सांगितल्याने काय साधलं? उद्या सकाळची गाडी. इतकं सरळ आहे, शेंबडं पोर सांगेल. तरी प्रत्येक कोपऱ्यावर मला वाटायचं, नको, उगीच तमाशा नको, पोरीला जायचंय, तिला सुखाने जाऊ दे, शेवटच्या संध्याकाळी तुझं काय मधेच. मग पुढच्या कोपऱ्यापर्यंत वाटायचं, सांगच. एका दुकानाच्या काचेत मी दिसले, कोट पोटाशी धरलेली, केस विस्कटलेली बाई. घाबरलेली होती ती. चांगलीच घाबरलेली.

मावशी येऊन पोचली होती. बूट काढून, सुजलेली पावलं स्टुलावर ठेवून स्वयंपाकघरात बसली होती. थकलेली, जाड भिंगाची, बोलकी बाई. तिच्याबद्दल वाईट बोलायला मला कधी जागा सापडली नाही, आणि आज तर मी शोधत होते. "ये बाई," ती म्हणाली, "किती उशीर. चहा केलाय मी, तुझं सामान शोधून शोधून. साखर म्हणजे माझी बहीण ठेवायची तिथेच निघाली." मी कोट खुर्चीवर टाकला. आतल्या खोलीतून खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. मावशी गाडीबद्दल बोलली, थंडीबद्दल बोलली, कॉलेज कसं घरापासून जवळ आहे ते बोलली. मग आवाज उतरवून म्हणाली, "बघ, ठरलंय तसं सगळं. पण नंतर मनात काही राहायला नको कुणाच्या. तुझं काही म्हणणं असेल तर आत्ताच सांग."

तिची इच्छा. शब्द तयारच होते, ओठांपर्यंत आलेही.

"तिने जाऊ नये," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"जाऊ नये तिने. मला ती हवी आहे."

मावशीने पाय स्टुलावरून खाली घेतले. "अगं, पण तूच तर म्हणत होतीस..."

"खोटं म्हणत होते."

आतले आवाज थांबले. मुलगी दारात येऊन उभी राहिली, हातात मोज्यांचे गुंडाळे. तिचा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं, आता ती म्हणेल, मला जायचंय, तू कोण. तेवढं ऐकायची तयारी मी चालता चालता केली होती.

"आज सांगतेस," ती म्हणाली. "आज. सगळं भरून झाल्यावर."

मी खुर्चीवरचा कोट उचलला आणि उगाच त्याची घडी घालायला लागले.

"मावशीने नाही मला बोलावलं. मीच तिला फोन केला होता. ये आणि मला घेऊन जा, असं मीच म्हटलं तिला." तिचा आवाज फाटला. "मला बघायचं होतं तू काय करतेस ते. मला वाटलं तू भांडशील. वाटलं, आता तरी ओरडेल, निदान कपाटाला लाथ घालेल. तू माझी बॅग पुसून दिलीस. चाकांना तेल घातलंस."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तुला यायचं नव्हतंच?" तिने विचारलं, आणि तिचं तोंड इतकं उतरलं की मला तिच्याकडे बघवेना. "मी वरची खोली रंगवून घेतली गं तुझ्यासाठी."

"मला माहीत नाही मला काय हवंय," मुलगी म्हणाली. "मला कुणी सांगतच नाही काही. सगळे आपले, तुझी इच्छा, तुझी इच्छा."

"मी सांगते," मावशी एकदम म्हणाली. चष्मा काढून तिने डोळे पुसले, परत घातला आणि माझ्याकडे वळली. "मलाही ती हवी आहे. माझ्या बहिणीचं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. तू एका संध्याकाळी उठून नको म्हणशील आणि मी रिकाम्या हाताने परत जाईन, असं समजू नकोस."

मावशीचं सगळं खरं होतं. एरवी मी इथेच माघार घेतली असती. समोरच्याचं खरं आहे असं दिसलं की मी आपोआप मागे सरते.

"मग भांड ना," मुलगी मला म्हणाली. "उभी काय राहिलीस?"

मी जन्मात कधी कुणाशी भांडले नव्हते. आवाज छातीतून काढायचा असतो की घशातून, तेही मला ठाऊक नव्हतं. खुर्ची ओढली आणि मावशीच्या समोर बसले.

"ताई," मी म्हटलं, "ती कुठेही जाणार नाही."

"आणि मी नेलं तर?"

"नेऊन बघा."

मुलगी टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभी राहिली. मोजे अजून तिच्या हातातच होते. "अजून मोठ्याने," ती म्हणाली.